डाय नेमकी कोणत्या फ्रेममध्ये दिसते?

अँजिओग्राफीच्या चित्रफितीतून संगणकाने अरुंद झालेली धमनी शोधून द्यावी, अशी अपेक्षा सगळेच करतात. पण डाय (धमन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून त्यांत सोडलेले द्रव्य) कोणत्या फ्रेमपासून कोणत्या फ्रेमपर्यंत दिसते, हा त्याआधीचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

रक्त आणि हृदयाचा स्नायू क्ष-किरण जवळपास सारखेच शोषतात, त्यामुळे साध्या चित्रात धमन्या दिसत नाहीत. कॅथेटरमधून, म्हणजे धमनीच्या मुखापर्यंत नेलेल्या बारीक नळीतून, आयोडीनयुक्त डाय सोडली की त्या काळ्या उमटतात आणि काही सेकंदांत पुन्हा पुसट होतात. मेंदूच्या धमन्यांसाठी डायपूर्वीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा करता येते. हृदय मात्र धडधडत असते, श्वासाबरोबर छाती-पोटामधला पडदाही (डायफ्रॅम) हलतो, म्हणून वजाबाकीत खोट्या कडा उरतात. 1998 साली फ्रांगी आणि सहकारी संशोधकांनी मांडलेला गाळक (चित्रावर चालवायचा संगणकीय फिल्टर) नळीसारखे आकार छान उठावदार करतो, पण कॅथेटरही नळीसारखाच असतो! बायपास झालेल्या रुग्णाच्या छातीच्या हाडातील तारा आणि पेसमेकरची वायर यांचीही त्यात भर पडते. म्हणून एकेक फ्रेम सुटी न तपासता आधीच्या-नंतरच्या फ्रेमसह पाहणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली) मला अधिक भरवशाचे वाटते, कारण डाय धमनीतून पुढे सरकते; तारा हृदयाबरोबर हलल्या तरी तशा पुढे सरकत नाहीत.

सुरुवात ठरवायला निदान एक जुना दंडक आहे. 1996 साली गिब्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या टिमी फ्रेम मोजणीत (डाय धमनीच्या ठरावीक टोकापर्यंत किती फ्रेममध्ये पोहोचते हे मोजण्याची पद्धत), डाय धमनीच्या मुखाशी दोन्ही कडांना टेकून पुढे सरकू लागली की पहिली फ्रेम धरतात. ओसरण्याला अशी रेघ नाही; तिथे दोन अनुभवी डॉक्टरांच्या खुणाही वेगळ्या पडू शकतात, आणि संगणकाला शिकवताना अशा फ्रेम 'संदिग्ध' म्हणून वेगळ्या ठेवणेच प्रामाणिकपणाचे.

सर्वांत ठसठशीत फ्रेम ठेवून बाकीच्या कापून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मी साशंक आहे. धमनी पूर्ण बंद असेल, तर अडथळ्यापलीकडचा भाग शेजारच्या बारीक पर्यायी वाहिन्यांतून उशिरा भरतो, बहुतेकदा मुख्य धमनीतली डाय फिकट होऊ लागल्यावर. बंद धमनी उघडायची की नाही, हे ठरवताना डॉक्टर नेमक्या त्याच फ्रेम पुन्हापुन्हा पाहतात.