तुम्ही विचारलंत म्हणून: गावचं घर विकून का टाकत नाही?

नालासोपाऱ्यात आमच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. दर मे महिन्यात मी कौलं चाळून घ्यायला गावी निघालो की विचारतात, "वर्षातले अकरा महिने कुलूप. विकून का टाकत नाही?" ऑफिसातही कुणी ना कुणी विचारतंच. आजवर हसून वेळ मारून नेली, आता एकदा सांगूनच टाकतो.

पहिली गोष्ट, विकता येत नाही. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर 19 नावं आहेत. त्यातली पाच माणसं वारली, त्यांच्या वारसांची नोंद रखडलीय. एक चुलती बडोद्याला, एका आत्याचा तर पत्ताच नाही. एवढ्या सह्या एका कागदावर आणणारा माणूस आमच्या भावकीत अजून जन्माला यायचाय.

पण उद्या सगळ्यांनी सह्या दिल्या तरी मी विकणार नाही. त्याला कारण 1982 साल.

वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. राहायला गावकऱ्यांची खोली. वीसेक माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि वळकटी. जेवण खानावळीत. आई, आजी आणि आम्ही भावंडं गावी. मनिऑर्डर मुंबईहून यायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. तांदूळ, कुळीथ, आमसुलं गावाहून मुंबईला जायची, ते कुणाच्या हिशेबात नसतं. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका निघाल्या. हा आकडा कौतुकानं सांगणारे मला भेटलेत. अहो, नवरे आणि पोरगे मुंबईत होते, म्हणून तो तसा दिसतो!

18 जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. वडील दोनेक महिने खोलीतच थांबले, खानावळवालीनं उधारीवर जेवू घातलं. मग शिमग्याला गावी आले. पालखी घरोघर फिरून देवळात परतली. एरवी दुसऱ्या दिवशी ते एसटीत असायचे. त्या वर्षी त्यांची पिशवी खुंटीवरच राहिली.

लावणीला तेही चिखलात उतरले. मी तरव्याच्या मुठी पोचवत होतो. वाकल्या वाकल्या त्यांनी आईला विचारलं, "आपला बांध कुठवर गं?" आईनं हातातली मूठ खाली न ठेवता नुसत्या हनुवटीनं दाखवलं. बारा वर्षं शेत तिनं केलं होतं. वडील मुंबईचे, ती शेताची. मला तेव्हा हसू आलं होतं. आज त्या प्रश्नाचं फार वाईट वाटतं.

त्या वर्षी भात किती झालं ते आठवत नाही, पण आम्ही उपाशी झोपलो नाही. वडिलांच्या खात्यातल्या एकानं गावचं सगळं विकून मुंबईत बिऱ्हाड थाटलं होतं. त्याच्या घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली, असं वडील पुढे कितीदा तरी सांगायचे.

संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर वडील मुंबईला परतले. गिरणीनं घेतलं नाही, मग एका गोदामावर रखवालदारी. दहावीनंतर मीही त्याच खोलीत, त्यांच्या ट्रंकेशेजारी.

2020 ला धाकट्या भावाची नोकरी गेली. पोराबाळांसकट गावी गेला, चौदा दिवस शाळेत काढले आणि मग घराचं कुलूप उघडलं. माजघराच्या वाशाला वाळवी लागली होती. सात महिने तिथे राहिला, वासाही त्यानंच बदलला.

हे ऐकून शेजारी म्हणाले, मग होमस्टे तरी करा. बघू. सध्या किल्ली चुलत काकीकडे असते. शेत तीच अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, करते आणि तिन्हीसांजेला आमच्या पडवीत दिवाही लावते. परवा तिचा फोन आला होता. "गणपतीला किती जण येणार रे? त्या मापानं भात गिरणीवर नेते."