तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बायका रविवारी रस्त्यावर का बसतात?

हाँगकाँगला आमच्याकडे पुण्या-मुंबईहून कुणी आलं आणि मध्ये रविवार लागला, की हा प्रश्न ठरलेला. सेंट्रल या इथल्या मुख्य व्यापारी भागातल्या स्टेशनातून वर यावं तर चेटर रोडवर, स्टॅच्यू स्क्वेअरच्या पायऱ्यांवर, पादचारी पुलांवर, एचएसबीसी बँकेच्या उंच इमारतीखाली, जिकडे बघाल तिकडे पुठ्ठे अंथरून बसलेल्या बायका. हजारोंनी. कुणी जेवतंय, कुणी पत्ते कुटतंय, कुणी मैत्रिणीची नखं रंगवतंय, पलीकडे वीस-पंचवीस जणी स्पीकर लावून नाचतायत. पाहुणे आधी नुसते बघत राहतात. मग हळूच, "काय गं, मोर्चा आहे का कसला?" मी सांगते, या फिलिपिनो बायका, इथल्या घरांमधून कामाला असतात, आज त्यांची सुट्टी. की लगेच पुढचं: "मग घरी का नाही जात? रस्त्यावर काय बसायचं?"

गर्दीतून वाट काढताना याचं धड उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट दिलेलं मला आवडत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

घरी जात नाहीत, कारण इथे त्यांना घर नाही आणि ते करायची परवानगीही नाही. घरकामासाठी परदेशातून आलेल्या माणसाने मालकाच्याच घरात राहायचं, असा इथला नियम 2003 पासून सक्तीचा आहे. चारजणींनी मिळून एखादी खोली भाड्याने घेतो म्हटलं तरी चालत नाही. एका फिलिपिनो बाईंनी या नियमाविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती, ती फेटाळली गेली. आता इथली घरं म्हणजे चारशे-पाचशे चौरस फूट. त्यात कामवालीची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक खण, पलंग टाकला की दार पुरतं उघडत नाही. पुष्कळ ठिकाणी तेवढंही नसतं, मुलांच्याच खोलीत वरचा बिछाना. अशा घरात रविवारी थांबायचं म्हणजे कामाच्या जागीच थांबणं. घरातली माणसं कितीही चांगली असोत, समोर ती दिसली की "जरा तेवढं दूध गरम करतेस का" हे तोंडून जातंच. सुट्टी हवी असेल तर तिला दारातून बाहेर पडावं लागतं.

हे काही मूठभर बायकांचं नाही. हाँगकाँगमध्ये घरकामासाठी आलेल्या परदेशी कामगारांची संख्या तीन लाखांच्या वर आहे, त्यांत निम्म्याहून जास्त फिलिपिन्सच्या, जवळजवळ सगळ्या बायका. 1974 मध्ये फिलिपिन्सने कामगार कायदा करून माणसं परदेशी कामाला पाठवायचं सरकारी धोरणच आखलं. त्याच दशकात इथल्या बायका कारखान्यांत आणि ऑफिसांत जायला लागल्या होत्या, मुलं आणि म्हातारी सांभाळायला कुणीतरी हवं होतं. दोन्हीकडची गरज जुळली ती आजतागायत. आमच्या इमारतीतल्या किती मुलांना पहिला घास, पहिलं पाऊल, शाळेच्या बसचा पहिला दिवस या बायकांच्या हातून मिळाला, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आणि तरी हे शहर त्यांचं होत नाही. मी इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. सात वर्षं झाली, अर्ज केला, कायमच्या रहिवाशाचं ओळखपत्र मिळालं. आमच्याकडे काम करणारी आते माझ्या आधीपासून इथे आहे. (आते म्हणजे ताई. मुलं तसं म्हणतात, म्हणून आम्हीही.) तिला ते ओळखपत्र कधीच मिळणार नाही, कारण घरकामाच्या व्हिसावरची वर्षं त्यात धरत नाहीत. इव्हँजेलिन व्हायेहोस या बाई 1986 पासून इथे काम करत होत्या. त्यांनी हा प्रश्न शेवटच्या कोर्टापर्यंत नेला, आणि मार्च 2013 मध्ये तिथे त्या हरल्या. दोन वर्षांचा करार, संपला की नवा. मध्येच नोकरी गेली तर साधारणपणे चौदा दिवसांत देश सोडायचा. हा नियम 1987 चा. वीस-वीस वर्षं एका शहरात काढायची, पण दोन-दोन वर्षांच्या तुकड्यांनी. पाहुण्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा चेहरा बदलतो. माझाही बदलला होता.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कायद्यात पक्की लिहिलेली आहे. दर सात दिवसांत सलग चोवीस तासांची एक सुट्टी. ती पैसे देऊन विकत घेता येत नाही. जबरदस्तीने काम करून घेतलं तर मालकाला पन्नास हजार हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पुष्कळ घरांत "रात्री नऊच्या आत परत ये" असं सांगून चोवीसाचे बारा-तेरा तास करतात, तरी दिवस मिळतो. या एका दिवसावर त्यांनी काय उभं केलंय, ते मला तुम्हाला सांगायचंय.

चेटर रोड रविवारी गाड्यांना बंद असतो. तो या बायकांसाठी बंद केलेला नाही. 1982 मध्ये भागातल्या बड्या जमीनमालक कंपनीच्या सांगण्यावरून तो बंद झाला, लोकांनी निवांत फिरावं आणि खरेदी करावी म्हणून. रस्ता मोकळा झाला आणि तिथे येऊन बसल्या या. 1992 मध्ये दुकानवाल्यांच्या बाजूने मागणी झाली की रस्ता पुन्हा गाड्यांना खुला करा. त्या वादात कुणी असंही सुचवलं, की या बायकांना तळघरातल्या पार्किंगमध्ये जागा द्यावी. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. रस्ता अजून रविवारी बंद असतो, आणि त्या अजून बसतात. बँकेच्या इमारतीखालचा उघडा चौकही तसाच. ती इमारत वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांनी तळमजला लोकांना जाण्यायेण्यासाठी मोकळा ठेवून बांधली. पावसात आणि उन्हात डोक्यावर छप्पर असलेली एवढी मोठी फुकट जागा सेंट्रलमध्ये दुसरी नाही. कॅफेत बसायचं तर एका कॉफीला चाळीस-पन्नास डॉलर. त्यांचा किमान पगार सप्टेंबर 2025 मध्ये महिना 5,100 डॉलर ठरला, आपले साधारण 55-60 हजार रुपये. त्यातला बराचसा घरी जातो. 2024 मध्ये परदेशातल्या फिलिपिनो लोकांनी बँकांमार्फत मायदेशी पाठवलेली रक्कम 34 अब्ज अमेरिकी डॉलरच्या वर होती. यांच्यासारख्यांच्या महिन्याच्या पगारातूनच ती जमते.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही नुसती गर्दी वाटते. चार रविवार त्यांच्यात गेलात तर कळेल, की कोण कुठे बसणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. इलोकोसच्या बायका एकीकडे, इलोइलोच्या दुसरीकडे, डोंगरातल्या बेंगेटकडच्या इगोरोत बायका त्यांच्या कोपऱ्यात, सणासुदीला थाळीसारखी पितळी वाद्यं वाजवत फेर धरून नाचणाऱ्या. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाच्या खोल्या असत, नवा चाकरमानी एसटीतून उतरला की थेट गावच्या खोलीवर जाई, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे खोली नाही, तेवढ्यापुरतं पुठ्ठ्याचं कुंपण आहे.

ते कुंपणही बघण्यासारखं असतं. आतेच्या गटातली एकजण सकाळी लवकर येऊन जागा धरते. पुठ्ठ्याची खोकी सपाट करून खाली अंथरायची, बाकीची उभी दुमडून चारी बाजूंनी वीतभर, हातभर उंचीच्या भिंती करायच्या, कोपऱ्यांना चिकटपट्टी. एका बाजूला दाराएवढी फट. त्या फटीबाहेर चपला काढायच्या, जोडीला जोड लावून. मी गेले तेव्हा मीही काढल्या आणि आत मांडी घालून बसले. बाजूने पर्यटक जात होते, पण त्या हातभर भिंतीच्या आत आलं की खरंच घरात आल्यासारखं वाटतं, सगळ्या तसंच वागतात. कुणी आडवी होऊन पाठ टेकते. कुणी फोनवर मुलाचा गृहपाठ घेते. आतेची दोन मुलं तिच्या आईकडे वाढली. रविवारचा तो कॉल आमच्या घरून करते त्यापेक्षा वेगळा असतो, मोठ्याने बोलते, रागावते, हसते.

आणि जेवण. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आते सहा दिवस आमटी, भाजी, पोळी करते आणि तेच खाते. रविवारी कुणीतरी तळलेले सुके मासे डब्यात घालून आणते, ज्यांच्या घरी चालतं ती. भाताबरोबर ते, व्हिनेगरमध्ये मिरची ठेचून, कच्च्या आंब्याच्या फोडी बागोओंगला लावून. बागोओंग म्हणजे खारवलेल्या कोळंबीची चटणी, वास उग्र, पण आंब्याबरोबर अशी जमते की हात थांबत नाही म्हणतात. एकदा थर्मासमधून सिनिगांग आलं होतं. चिंचेच्या आंबटपणाचं ते पातळ कालवण बघून मला वाटलं, हे तर आपल्याकडचंच कुणीतरी केलंय. कुणाचा वाढदिवस असेल तर पानसित हवंच, लांब शेवयांसारख्या नूडल्स, आयुष्य तेवढं लांब व्हावं म्हणून. वाढताना तुकडे करायचे नाहीत.

दुपारी खोकं भरायचं काम. घरी पाठवायचं खोकं, बालिकबायन बॉक्स. हे महिनोन् महिने भरत असतं. जहाजाने जातं, पोचायला काही आठवडे लागतात, म्हणून नाताळचं खोकं ऑक्टोबरपर्यंत निघालं पाहिजे. त्याचं भाडं आकारावर असतं, वजनावर नाही. त्यामुळे आत बोटभर पोकळी सोडत नाहीत. बुटांच्या आत साबण, साबणांच्या फटीत मोजे, टॉवेलांच्या घड्यांमध्ये कॉफीची पाकिटं, तळाला कॉर्न्ड बीफचे डबे. एकजण खोक्यावर गुडघा देऊन दाबते, दुसरी चिकटपट्टी गुंडाळते, तिसरी सगळ्या बाजूंनी नाव लिहिते. मी आतेला म्हटलं, साबण काय तिकडे मिळत नाही? मिळतो, म्हणाली, पण आईने पाठवलेला वेगळा. मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

जवळच वर्ल्डवाइड हाऊस आहे, तिथे पैसे पाठवायची दुकानं, फिलिपिनो वाणसामान, फोनची कार्डं, सगळं एका छताखाली, रविवारी आत शिरायला जागा नसते. गार्डन रोडच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये मिस्सा ऐकायला बाहेरपर्यंत रांग. बाकीच्यांचं काय चालतं ते किती सांगू. डोंगर चढणाऱ्यांचे गट आहेत, व्हॉलीबॉलच्या टीम आहेत, गायनाचे समूह आहेत. सौंदर्यस्पर्धा तर बाराही महिने, भाड्याचा गाऊन, खांद्यावरून पट्टा, हिऱ्यासारखा चमकणारा मुकुट. कुणाला हे विनोदी वाटतं. मला मुळीच वाटत नाही. सहा दिवस जिला कुणी नावाने हाक मारली तर मारली, ती एक दिवस आरशात बघून सजते, चालते, लोक टाळ्या वाजवतात. शिवाय त्या तिकिटांचे पैसे बहुतेक वेळा कुणाच्या तरी अडचणीला जातात. 2013 च्या नोव्हेंबरात योलांडा वादळ आतेच्या गावावरून गेलं, तेव्हा याच पुठ्ठ्यांवर बसून छपराच्या पत्र्यांचे पैसे गोळा झाले होते.

झायझा क्रूझ बकानी यांचं नाव मी आवर्जून सांगते. त्या आईच्या मागोमाग इथे घरकामाला आल्या, मालकिणीकडून पैसे उसने घेऊन कॅमेरा घेतला, आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्यांवरून फिरत फोटो काढत राहिल्या. 2015 मध्ये त्यांना मॅग्नम फाउंडेशन या छायाचित्रण संस्थेची फेलोशिप मिळाली आणि त्या न्यूयॉर्कला गेल्या. आज जगभर त्यांचं काम बघतात. सुरुवात रविवारचीच.

कोविडच्या काळात हा दिवसच गेला. फेब्रुवारी 2022 मध्ये दोनपेक्षा जास्त माणसांनी बाहेर एकत्र जमायला बंदी आली, मोडली तर दंड. ज्यांना घर होतं त्यांनी घरात भेटीगाठी उरकल्या. यांना भेटायची जागा फक्त बाहेर होती. आते तेव्हा दर रविवारी एका मैत्रिणीबरोबर बाकावर बसून यायची, आणि मोठा गट फोनवर.

यावर पाहुण्यांचं एक वाक्य येतं, "तरी बरं, इथे सुट्टी तरी आहे." बरं आहेच. पण मग मी विचारते, तुमच्या मावशींना आठवड्याची सुट्टी असते का? महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ झालं, नोंदणी झाली. आठवड्याची सुट्टी मात्र अजून घरमालकिणीच्या मर्जीवर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती स्पष्ट लिहिलीय. फिलिपिन्सने तो 2012 मध्ये स्वीकारला, भारताने अजून नाही. पुण्यातल्या माझ्या माहेरी या विषयावर दोन वेळा चांगलीच जुंपलीय, आणि पुन्हा जुंपली तरी मी हेच बोलणार आहे.

तुम्ही आलात तर रविवारी नक्की सेंट्रलला जा. सकाळी दहानंतर जा, तोवर सगळ्या जमलेल्या असतात. पुठ्ठ्याच्या कडेने चाला, ओलांडून जाऊ नका, ते कुणाचं तरी नांदतं घर आहे. वर्ल्डवाइड हाऊसमध्ये सुक्या आंब्याची पाकिटं मिळतात, ती घ्या. फोटो हवा असेल तर आधी विचारा. बहुतेकजणी हो म्हणतात, फक्त आधी केस नीट करून घेतात.