जित्या माणसाचा फ्लेक्स

कोल्हापुरात फुटबॉलचा वर्ल्ड कप लागला की फ्लेक्सवाल्यांची गणपतीनंतरची दुसरी सुगी सुरू होते. भारत त्यात खेळत नाही, याचं इथं कुणाला सुतक नसतं. एक पेठ ब्राझीलची, शेजारची अर्जेंटिनाची, मधल्या दोन-चार गल्ल्या रोनाल्डोपायी पोर्तुगालच्या. मुळात भांडण तालमी-तालमींचं, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांचं. शाहू स्टेडियमवर सीझन नसला तरी ते तेवत ठेवायला परदेशी जर्सी बऱ्या पडतात, असं माझं मत. इथलाच अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हाचे फ्लेक्स मी छापलेत. त्यात अनिकेत अंगठ्याएवढा आणि पुढारी पुरुषभर.

२०२२ ला कहरच झाला. केरळात पुल्लावूरच्या नदीत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे अवाढव्य कटआउट उभे राहिले, फिफानंही त्याचा फोटो टाकला आणि इथल्या पोरांच्या अंगात आलं. "त्यांच्यापेक्षा मोठा पायजे मामा," एवढीच ऑर्डर. फोटो कुठला? तर व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरून चिंध्या झालेला, त्यात मेस्सी पॅरिसच्या क्लबच्या जर्सीत. मग मुंडकं तिथलं, धड दुसऱ्या फोटोतलं, पट्टे आमच्या ऑपरेटरनं नव्यानं काढलेले.

अर्जेंटिनाचा आकाशी हा फ्लेक्स छापणाऱ्याचा जीव काढणारा रंग आहे. चिमूटभर मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, शिरली की जांभळट होतो, आणि मशीनच्या हेडचं एखादं शाईचं नोझल बंद असलं की फिक्या रंगात लगेच पांढऱ्या रेघा उमटतात. गडद रंगात हे पाप झाकून जातं. आमचा ऑपरेटर मॅजेंटा शून्यावर आणतो, सायन, म्हणजे निळी शाई, चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवतो, आधी हातभर तुकडा मारून उन्हात नेऊन बघतो. ट्यूबलाइटखाली रंग पास करणाऱ्याला मी कारागीर मानत नाही. शिवाय पांढरा छापायचा नसतोच, तिथं कापड कोरं सुटतं. ब्राझीलचं उलट. पिवळा काठोकाठ, शाई नुसती पितो, आणि चौरस फुटाचा दर मात्र दोघांना एकच.

२० नोव्हेंबरला कतार-इक्वेडोरनं उद्घाटन झालं, ते कुणी मनावर घेतलं नाही. खरा मुहूर्त २२ तारखेचा, दुपारी साडेतीनला, अर्जेंटिना-सौदी. सौदीशी म्हणजे जिंकल्यातच जमा, म्हणून पोरांनी त्याच रात्री पंचवीस बाय बाराचं कटआउट उभारायचं ठरवलेलं. रोल दहा फुटी, म्हणजे जोड आलाच. तो चेहऱ्यावरून न नेता हाताच्या कडेनं उतरवला होता. निम्मे पैसे यायचे होते.

दुकानात मोबाइलवर मॅच. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी आत, नंतर हाफटाइमपर्यंत तीन गोल ऑफसाइड म्हणून बाद, तरी सगळे निवांत. हाफटाइमनंतर सात-आठ मिनिटांत सौदीनं दोन मारले आणि छत्तीस मॅच न हरलेला संघ हरला.

शिट्टी वाजून चहा गार व्हायच्या आत ब्राझीलवाल्या पेठेची चार-पाच पोरं गाड्यांवरून हजर. "मामा, दहा बाय आठ. भावपूर्ण श्रद्धांजली. मेस्सीच्या फोटोला हार घाला, खाली आमचे सगळ्यांचे फोटो, शोकाकुल म्हणून." ऑपरेटर हसत करायलाही बसला, आणि मानलं पाहिजे, डिझाइन झकास झालं. हार आमच्या दुकानातलाच, मी स्वतः काढलेल्या फोटोतून कापलेला, झेंडूचा, उजवीकडचं एक फूल अर्धं तुटलेलं.

मी म्हटलं, "जित्या माणसाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी छापत नाही."

"मामा, मयत थोडीच हाय? फुटबॉल हाय ह्यो!"

"असू दे. दुसरं काय पण सांगा."

"अर्जेंटिनावाले व्हय तुमी? आधी सांगायचं की मग." आणि गेली.

श्रद्धांजलीच्या कामात माझी पद्धत आहे, घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. नियम खरा. पण त्या क्षणी तोंडातून निघाला तो नियमच होता का? समोर पंचवीस फुटी मेस्सी वाळत पडलेला, चौकात राडा झाला असता तर त्याची बाकी बुडाली असती. त्यात भीतीही होती. यातलं नक्की काय बोललं, ते मला अजून ठरवता येत नाही.

अर्जेंटिनाची पोरं आठला आली, बाकी दिली, न बोलता कटआउट घेऊन गेली. रात्री घरी जाताना बघतो तर त्यांच्याच चौकाच्या तोंडाला श्रद्धांजली लागलेली. छपाई भिकार, काळा राखाडी पडलेला, आयलेटच्या कड्या न मारता नुसती भोकं पाडून सुतळी ओवलेली. हार मात्र ओळखीचा. उजवीकडचं अर्धं फूल तसंच. फाइल माझ्याच दुकानातून गेली होती.

पहाटे पोलिसांनी तो फ्लेक्स उतरवला आणि समतोल म्हणून कटआउटही. परवानगी कुणाकडंच नव्हती, त्यामुळं बोलायला जागा नव्हती.

९ डिसेंबरला क्रोएशियानं ब्राझीलला पेनल्टींवर घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी शटर अर्धं वर असतानाच अर्जेंटिनाची पोरं आली. "मामा, नेमारची श्रद्धांजली." मी तेच उत्तर दिलं. "त्यांचा छापला न्हाई ते ठीक हाय. आमचा बी न्हाई?" असं म्हणून फितुराकडं बघावं तसं बघत गेली. १८ डिसेंबरला अर्जेंटिनानं कप घेतला, त्या जल्लोषाचा फ्लेक्स दुसरीकडं छापला गेला. आकाशी जांभळट. ब्राझीलवाल्या पेठेचं गणपतीचं कामही तेव्हापासून बंद आहे.

ऑपरेटरला मी आजवर विचारलेलं नाही. मित्राला फुकट दिली असेल, शे-दोनशेला विकली असेल, किंवा त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलंच नसेल. विचारलं तर तो जाईल. त्याच्यासारखा आकाशी शहरात दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

आता ११ जूनपासून मेक्सिको, अमेरिका, कॅनडात पुन्हा सुरू, या वेळी ४८ संघ. बऱ्याच मॅच आपल्या मध्यरात्री नाहीतर पहाटे, वरून पाऊस, म्हणजे फ्लेक्सला वारा जायला चंद्रकोरी कापाव्या लागणार. परवा ब्राझीलवाल्या पेठेतून फोन आला. दुकानाच्या नंबरवर नव्हे, ऑपरेटरच्या मोबाइलवर. त्यानं माझ्या हातात दिला, "मालक, रेट तुम्हीच सांगा." मी सांगितला.

पलीकडून पोरगं म्हणालं, "आणि मामा, कोण हरलंच तर?"

"आधी जिंकायचा छापूया," मी म्हटलं. "निम्मा ॲडव्हान्स पाठव."