तुम्ही विचारलंत म्हणून: मनगटातच सुई कशासाठी?

"सकाळीच रक्त काढलंय की, आता मनगटात आणि कशाला सुई?" कोल्हापुरातील अतिदक्षता विभागात काम करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. गडहिंग्लज किंवा भुदरगडकडून धाप लागलेल्या आईला घेऊन आलेल्या मुलाने तो विचारणे रास्तच आहे, आणि त्याला घाईचे उत्तर देणे मला पटत नाही.

सकाळी काढलेले रक्त शिरेतले, म्हणजे अवयवांना प्राणवायू देऊन परत निघालेले असते. फुफ्फुसे आपले काम कितपत करीत आहेत, हे धमनीतील रक्तावरूनच नीट कळते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर प्राणवायूचा अंदाज देतो, परंतु कार्बन डायऑक्साइड साचतो आहे का, हे त्याला समजत नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाला प्राणवायू लावल्यावर बोटावरचा आकडा ९५ दिसत असतानाही रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढत जाऊन रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. म्हणून त्या वायूचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर आणि रक्ताची आम्लता दाखवणारा पीएच ७.३५ ते ७.४५ या मर्यादेत आहे का, हे एबीजी, म्हणजे धमनीतील रक्तातल्या वायूंची तपासणी, करून पाहावे लागते.

अंगठ्याकडची नाडी त्वचेजवळ असते आणि करंगळीच्या बाजूची दुसरी धमनीही तळहाताला रक्त पुरवते, म्हणून मनगट निवडतात. सुई टोचण्यापूर्वी मूठ आवळायला सांगून आम्ही दोन्ही धमन्या दाबतो आणि मग करंगळीकडची सोडतो. पांढरा पडलेला तळवा काही सेकंदांत पुन्हा तांबूस झाला नाही, तर तो हात टाळतो. टोचणे शिरेपेक्षा जास्त दुखते, हे रुग्णापासून लपवू नये. कातडी बधिर करणारे इंजेक्शन आधी दिल्यास वेदना कमी होते, आणि तातडी नसेल तेथे ते द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

रक्त मिळाल्यावर आम्ही लगबगीने निघून जातो, याचेही अनेकांना वाईट वाटते. पण सिरिंजमधल्या रक्तातील पेशी जिवंत असतात. त्या प्राणवायू वापरत राहतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढवतात, त्यामुळे साधारण अर्ध्या तासाच्या आत नमुना यंत्रात जावा लागतो. हवेचा लहानसा बुडबुडा राहिला तरी धोका असतो, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतो आणि प्राणवायूचा दाब आजारी माणसाच्या रक्तापेक्षा पुष्कळ जास्त असतो. असा नमुना रुग्णाला आहे त्याहून बरा दाखवतो, आणि त्यावर विसंबून उपचार लांबले तर वेदना देऊन मिळवलेले ते रक्त त्याच्याच विरोधात जाते. म्हणून बुडबुडा काढून, टोपण लावून आणि रक्त गोठू न देणारे हेपॅरिन नीट मिसळावे यासाठी सिरिंज तळहातांत हलकेच फिरवीत आम्ही यंत्राकडे जातो.

तेवढ्या वेळात दुसरी सिस्टर निदान ५ मिनिटे मनगट घट्ट दाबून धरते. रुग्णाला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याहून अधिक वेळ दाबावे लागते, म्हणून त्या गोळ्यांची चिठ्ठी सुई टोचण्यापूर्वीच आमच्या हाती द्यावी.