टेस्ट हिरवी, पट्टी चुकीची

"ताई, तुमचं सॉफ्टवेअर मोकळं वजन बदलूच देत नाही." पिंपळगाव बसवंतहून नानांचा फोन. नाना म्हणजे आमच्या एका कांदा व्यापाऱ्याकडचे मुनीम. हिशेबपट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात द्यायचं काम त्यांचं, त्यामुळे बोलणीही आधी तेच खातात.

ज्यांनी बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिलाव झाला की ट्रॉली भुईकाट्यावर भरलेली मोजतात, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करतात आणि मोकळी पुन्हा मोजतात. दोन्हींतला फरक तो कांदा. त्या दिवशी पट्टीवर मोकळं वजन ४० किलो जास्त छापलं गेलं होतं. १,८०० रुपये क्विंटलच्या भावाने शेतकऱ्याचे ७२० रुपये कमी होत होते. तो माणूस पट्टी घेऊन तिथेच उभा राहिला आणि त्याचं बरोबरच होतं.

आमचा हा पडदा वाडिनमध्ये, म्हणजे जावातून वेबचे पडदे बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये, लिहिलेला आहे. त्यात प्रत्येक बटण, प्रत्येक रकाना सर्व्हरवर जावातली एक वस्तू असते आणि ब्राउझर फक्त तिचं रूप दाखवतो. याचा मोठा फायदा टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, लिहिताना होतो. करिबू-टेस्टिंग नावाची लायब्ररी वाडिनला लागणारं खोटं वातावरण उभं करते. मग ब्राउझर नको, सर्व्हर सुरू करायला नको. जेयुनिट या जावाच्या टेस्ट-साधनातल्या साध्या टेस्टमध्ये रकाना शोधायचा, किंमत भरायची, बटण दाबायचं. बटण बंद असेल किंवा दिसतच नसेल, तर क्लिक होत नाही, टेस्ट पडते. हवा तो घटक सापडला नाही, तर पडद्यावरच्या सगळ्या घटकांची उतरंड छापून दाखवते. सेलेनियमच्या, म्हणजे खरा ब्राउझर चालवून बघणाऱ्या, आमच्या जुन्या टेस्ट कधी पास तर कधी उगीच नापास व्हायच्या, म्हणून लाल दिसलं तरी कोणी ढुंकून बघत नव्हतं. या टेस्टना मात्र ऑफिसात मान आहे.

म्हणून नानांचा प्रसंग तसाच्या तसा टेस्टमध्ये उतरवला. गाडी नंबर टाकला की मागच्या फेरीचं मोकळं वजन आपोआप भरलं जातं. ते बदललं, 'जतन करा' दाबलं, पट्टीतला आकडा तपासला. टेस्ट हिरवी. क्रम उलटा केला, भाव आधी आणि वजन नंतर. तरीही हिरवी.

"मग नेटचा प्रॉब्लेम आहे," ऑफिसातले सर म्हणाले. आमच्याकडे ज्याचं कारण सापडत नाही ते सगळं नेटच्या खात्यावर जातं. मला पटेना. नेट गेलं तर सगळंच जाईल, नेमका एकच रकाना कसा गळेल? आणि सर्व्हरवरची टेस्ट हिरवी आहे याचाही काही अर्थ होता. नवं वजन सर्व्हरवरच्या रकान्यात पोचलं, तर पुढचं गणित चोख आहे. म्हणजे ते तिथवर पोचतच नसावं. करिबू ब्राउझरला वगळून थेट सर्व्हरच्या वस्तूत किंमत ठेवते, तेव्हा ब्राउझरकडचा भाग त्या टेस्टला दिसणारच नव्हता.

तो बघायला ओझरमार्गे पिंपळगाव गाठलं. नानांच्या मागे स्टूल टाकून बसले आणि तिसऱ्या-चौथ्या गाडीलाच कळलं. नाना माऊसला हात लावत नाहीत. माऊस वहीखाली गेलेला. आकडे, टॅब, आकडे, टॅब, शेवटी मोकळं वजन आणि थेट एफ-नाइन. एफ-नाइन म्हणजे 'जतन करा'चा शॉर्टकट, ही सोय आम्हीच दिलेली. ऑफिसात मात्र आम्ही सगळे माऊसने बटण दाबून तपासत होतो.

माऊसने बटणावर गेलं की रकान्यातून बाहेर पडावं लागतं आणि त्या क्षणी ब्राउझर नवी किंमत सर्व्हरला कळवतो. वाडिनच्या रकान्याचं नेहमीचं वागणं हेच, टाइप करताना प्रत्येक आकडा पाठवायचा नाही. एफ-नाइन दाबताना कर्सर रकान्यातच असतो. 'जतन करा'चा निरोप सर्व्हरला जातो, नवं वजन मात्र ब्राउझरमध्येच राहतं. सर्व्हर बिचारा मागच्या फेरीचं वजन धरून पट्टी छापतो.

शॉर्टकट चालण्याआधी रकान्यातून कर्सर काढून घ्यायची सोय वाडिनमध्ये आहे, ती लावली. प्रत्येक आकड्यागणिक किंमत पाठवता आली असती, पण बाजारातल्या नेटवर तेवढा भरवसा नव्हता. पण एवढ्यावर थांबावंसं वाटेना, कारण ही दुरुस्ती पुन्हा ब्राउझरच्याच बाजूला होती. खरा धोका आपोआप भरलेल्या जुन्या वजनाचा. जुना आकडा तिथे तयार होता म्हणून सर्व्हरला काही चुकतंय हे कळलंच नाही. रकाना रिकामा असता तर त्याने पट्टी अडवली असती. म्हणून ते आपोआप भरणं काढलं आणि मोकळं वजन सक्तीचं केलं. त्याची टेस्ट करिबूत दोन मिनिटांत झाली: मोकळं वजन न भरता जतन करा, रकाना लाल व्हायला हवा, डेटाबेसमध्ये नवी पट्टी दिसता कामा नये.

सर नाराज होते. "मुनिमांची सोय काढून घेतलीस, ते ओरडतील." मीच नानांना फोन लावला.

"मागचं वजन लागतंय कशाला?" नाना म्हणाले. "एकदा ट्रॉलीला फाळकं असतं, एकदा नसतं. ड्रायव्हर कधी उतरतो, कधी वरच बसून राहतो. ते आम्ही कधी मागितलंच नव्हतं, ताई. तुम्हीच दिलं होतं."

आता वजनाचे, भावाचे, कपातीचे सगळे नियम सर्व्हरवरच्या टेस्टमध्ये आहेत. या पडद्यासाठी सेलेनियमची एकच टेस्ट ठेवली आहे: मोकळं वजन टाइप करायचं, टॅब न मारता एफ-नाइन दाबायचं आणि छापलेला आकडा बघायचा. ती लाल झाली तर नवी आवृत्ती पिंपळगावला जात नाही.