आठ जणांचा चौकोन

अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये, आमच्या स्क्वेअर डान्स क्लबची महिन्यातली एक संध्याकाळ भेटीगाठींसाठी राखून ठेवलेली असते. एरवी दर आठवड्याला वर्ग असतो, तिथे नवं शिकवलं जातं, चुकलं की थांबवून पुन्हा करून घेतलं जातं. या एका संध्याकाळी शिकवणं बंद. नाचायचं, खायचं, बोलत बसायचं. गेल्या शनिवारी ती झाली आणि तेव्हापासून मनात घोळतंय की यावर नीट लिहावं. सांगलीच्या मैत्रिणींना फोनवर सांगून सांगून थोडंच कळतं. त्यांना वाटतं, आम्ही हॅट घालून पाय आपटत असतो.

पाय आपटणं यात जवळजवळ नाहीच. पाऊल साधं, जमिनीवरून सरकत टाकलेलं, चालण्यासारखं. चालता येतं त्याला हा नाच येऊ शकतो. जे काही आहे ते कुठून कुठे जायचं, कुणाचा कुठला हात धरायचा आणि केव्हा सोडायचा यात आहे.

चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना, तोंडं आत. प्रत्येक जोडीत डावीकडे पुरुष, उजवीकडे बाई. कॉलरकडे, म्हणजे पुढची हालचाल पुकारणाऱ्या माणसाकडे, पाठ असलेली जोडी पहिली, तिच्या उजवीकडची दुसरी, असे चार क्रमांक. पहिली आणि तिसरी जोडी म्हणजे हेड्स, दुसरी आणि चौथी म्हणजे साइड्स. माझ्या डाव्या हाताला माझा पार्टनर आणि उजव्या हाताला शेजारच्या जोडीतला जो, तो माझा कॉर्नर. सगळ्या नाचात हा कॉर्नर फार मोलाचा माणूस. कितीही गुंता झाला तरी शेवटी त्याच्याशी डावा हात मिळाला की समजायचं, आपण घरी पोचलो.

आणि कॉलर. तो मंचावर माइक घेऊन उभा असतो आणि संगीत चालू असतानाच पुढची हालचाल पुकारतो. ‘स्क्वेअर थ्रू’, ‘स्विंग थ्रू’, ‘फेरिस व्हील’, ‘लोड द बोट’. कॉलर मंडळींची कॉलरलॅब नावाची संघटना आहे, 1974 मध्ये तिचं पहिलं अधिवेशन भरलं. कुठल्या पातळीला कुठले कॉल यायला हवेत याच्या याद्या ती ठरवते. मेनस्ट्रीम पातळीला 70 च्या आसपास कॉल आणि प्लसला त्यावर आणखी तीसेक. शब्द सगळीकडे इंग्रजीच. जपानात, जर्मनीत, स्वीडनमध्ये क्लब आहेत, तिथेही कॉल याच शब्दांत होतात. आमच्याकडची एक जोडी जपानला मुलाकडे गेली होती, तिथे अनोळखी हॉलमध्ये शिरून संध्याकाळभर नाचून आली.

मी शाळेत भूमिती शिकवत असे. त्यामुळे असेल, मला या नाचातला कॉलरचा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. तो काय पुकारणार हे आम्हाला ठाऊक नसतं, आणि पुष्कळदा त्यालाही आधी ठाऊक नसतं. एक-दोन चौकोनांतल्या जोड्या तो नजरेत धरून ठेवतो, कोण कुणाचा पार्टनर हे लक्षात ठेवतो आणि मग आम्हाला हवं तसं फिरवतो. बायका कुठे, पुरुष कुठे, रांगा, लाटा, चाकं. मग त्याला दिसतं की नजरेतल्या जोड्या नेमक्या जागी आल्यात. त्या क्षणी तो ‘अ‍ॅलमांड लेफ्ट’ म्हणतो. आपण डावा हात पुढे करावा तर तिथे आपला कॉर्नर उभा! पाचही चौकोनांत, चाळीसही माणसांचा, एकाच ठोक्याला. स्नेहसंमेलनासाठी मी मुलींचा गोफ बसवत असे. गोफात विणायचं ठरलेलं आणि त्याच वाटेने उलटं जाऊन सोडवायचंही ठरलेलं. इथे कॉलर सोडवतो तो उलट न जाता, पुढे जात जात, दर वेळी नव्या वाटेने. हे पाहून माझ्यातली गणिताची बाई दर वेळी मनातून टाळ्या वाजवते.

म्हणून इथे पाठांतर पुरत नाही. कॉल पाठ हवेत हे खरं, पण क्रम पाठ करता येत नाही. ऐकावंच लागतं. मिनिटाला 125 च्या आसपास ठोके, एक कॉल संपता संपता दुसरा कानावर येतो, त्या मधल्या वेळात उद्याची भाजी, मुलीचा न आलेला फोन, गुडघा, काही म्हणजे काही डोक्यात शिरत नाही. साठीनंतर इतकं लक्ष देऊन मी दुसरं काही ऐकत असेन असं वाटत नाही.

शनिवारी माझे कॉर्नर होते आमच्या क्लबातले सगळ्यात ज्येष्ठ सभासद, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशी उलटलेले. त्यांना ऐकू कमी येतं. आमच्या क्लबकडे त्यासाठी छोटं यंत्र आहे; कॉलरच्या माइकचा आवाज त्यातून थेट त्यांच्या कानात जातो, मधला गलबला गाळून. तरी एखादा कॉल निसटतो. मग काय होतं ते मला फार आवडतं. कुणी ओरडत नाही, कुणी बोट दाखवत नाही. समोरची बाई हात जरा आधी पुढे करते, बाजूचा माणूस कोपराला हलका स्पर्श करतो, आणि ते बरोबर वळतात. आजोबाही हेच दुसऱ्यांसाठी करतात. नव्या विद्यार्थ्यांच्या चौकोनात मुद्दाम जाऊन उभे राहणाऱ्या जुन्या नर्तकांना इथे एंजल म्हणतात, आणि हे आजोबा पिढ्यान् पिढ्यांचे एंजल आहेत.

पलीकडचा चौकोन तिसऱ्या फेरीत, इथल्या भाषेत तिसऱ्या टिपमध्ये, पार मोडला. आठही जण आठ दिशांना. मोडलेल्या चौकोनाने काय करायचं हेही ठरलेलं आहे. झटकन चार-चारांच्या दोन रांगा समोरासमोर करायच्या आणि उभं राहायचं. इतर चौकोन फिरत फिरत तशाच रांगांत आले की कॉलर त्यांना पुन्हा सामावून घेतो. कुणामुळे मोडला ही चौकशी होत नाही. इतक्या वर्षांच्या शाळेच्या नोकरीत मला ही शिस्त कुठे पाहायला मिळाली नाही, आणि ती आपल्याकडे यावी असं मनापासून वाटतं.

टिप म्हणजे दोन नाचांची जोडी, दहा-पंधरा मिनिटांची. पहिल्या भागात कॉलर नुसते कॉल देतो, दुसऱ्यात गाणं म्हणत म्हणत देतो. त्या गाण्याची बांधणी अशी: 64 ठोक्यांचे 7 भाग, त्यातल्या चार भागांत दर वेळी बाई आपल्या कॉर्नरची पार्टनर होते. 16 ठोक्यांच्या प्रॉमनेडने, म्हणजे जोडीने गोल चालत, त्याच्या घरी, त्याच्या मूळ जागी जाते. तिथून पुढच्या कॉर्नरकडे. चौथ्यांदा ती आपल्या मूळ पार्टनरपाशी. म्हणजे एका गाण्यात चौकोनातल्या प्रत्येकाबरोबर नाच होतो, कुणाला टाळता येत नाही, कुणी उरत नाही. शनिवारी मी अशी आधी टपालवाल्या आजोबांबरोबर नाचले, मग फोर्ट कार्सनच्या लष्करी तळावरच्या एका तरुणाबरोबर, मग कॉलेजातल्या एका मुलीबरोबर, जी पुरुषाच्या जागी नाचते कारण तिला तीच जागा जास्त चांगली जमते. एरवी या तिघांशी बोलायला मला निमित्त तरी कुठून मिळालं असतं?

मधल्या वेळात टेबलावर हिरव्या मिरचीचा इथला रस्सा, ग्रीन चिली, दोन-तीन ‘पाय’ (सारण भरून भाजलेला इथला पदार्थ), आणि माझा पातळ पोह्यांचा चिवडा, ‘शेंगदाणे आहेत’ अशी चिठ्ठी लावून. दारू नसते, नाचाआधी घ्यायचीही नाही असा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. आमचे हे नाचत नाहीत, कॉफीचं बघतात. नाचणाऱ्या सगळ्यांची नावं मात्र त्यांना माझ्याआधी पाठ झाली.

आम्ही ज्या गावात हे करतो तिथे करण्यालाही अर्थ आहे. लॉइड शॉ हे इथल्याच शायेन माउंटन शाळेचे प्रमुख होते. 1930 च्या दशकात त्यांनी आसपासच्या वस्त्यांतले जुने नाच गोळा केले, शाळेतल्या मुलांना शिकवले, त्यांना घेऊन देशभर कार्यक्रम केले, 1939 मध्ये पुस्तक काढलं आणि उन्हाळ्यात शिक्षकांसाठी वर्ग घेतले. आजच्या क्लबांची चळवळ बरीचशी त्यातून उभी राहिली. 1992 पासून हा कोलोरॅडोचा अधिकृत लोकनृत्यप्रकार आहे.

ही झाली गोष्टीची एक बाजू. दुसरी मी नंतर वाचून समजून घेतली. आकृत्या युरोपातून आल्या, इंग्लिश ग्रामीण नाच आणि फ्रेंच क्वाड्रिल यांतून. पण नाच चालू असताना मोठ्याने पुकारत राहण्याची रीत रुजवण्यात गुलामगिरीच्या काळातल्या काळ्या फिडलवादकांचा मोठा वाटा होता, असं संशोधक दाखवतात. पुढे 1920 च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी या जुन्या नाचांचा जोरात पुरस्कार केला, आणि त्यामागे जॅझविषयीचा, आणि ते ज्यांचं संगीत असं ते मानत त्या काळ्या आणि ज्यू लोकांविषयीचा, त्यांचा द्वेषही होता. ज्यांनी कॉलर ही जागा घडवली त्यांनाच या नाचाच्या कहाणीतून पुसलं गेलं. मला हे जाणून घेणं आवश्यक वाटतं. मी, सांगलीची बाई, आज त्या चौकोनात निर्धास्त उभी राहते; तो कुणाकुणाच्या कष्टातून आला हे नव्या मुलांना वर्गात सांगायला हवं. गेल्या शनिवारी कॉफी घेताना मी हे आमच्या कॉलरना म्हटलं. ते विचारात पडले, आणि म्हणाले की पुढच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी तूच दहा मिनिटं बोल. मी हो म्हटलं आहे. त्याची तयारी चालू आहे.

चिंता एकच, माणसं कमी होत आहेत. हॉलमधली निम्मी डोकी पांढरी आहेत. चौकोनाला आठ लागतात. सात जण कितीही उत्साही असले तरी बसून राहतात. तेव्हा कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या आसपास कुणी मराठी मंडळी हे वाचत असाल तर सप्टेंबरमध्ये नवा वर्ग सुरू होतोय, या. जोडीदार असलाच पाहिजे असं नाही, मीही जोडीदाराशिवायच नाचायला उभी राहते. आईवडील भारतातून आलेले असतील आणि घरात बसून कंटाळले असतील तर त्यांनाही आणा, कॉलपुरतं इंग्रजी आठवड्याआठवड्याला येत जातं. गाव 6,000 फुटांवर आहे, नव्याने आलेल्यांना दम लागतो, पाण्याची बाटली ठेवा. आणि रबरी तळाचे बूट घालू नका. लाकडी जमिनीवर ते अडतात, पाऊल थांबतं, अंग वळतं आणि गुडघा पिळतो. चामडी तळाचे, मऊ, सपाट असे काहीही चालतील.