"पोरं कुठं होती तेव्हा?" – व्हर्सायमधली एक दुपार

मी पॅरिसमध्ये लायसन्स्ड गाइड आहे आणि उन्हाळ्यात महाराष्ट्रातून येणारे ग्रुप घेऊन व्हर्सायच्या राजवाड्यात जाणं हे माझं नेहमीचंच काम. आरसेमहाल संपवून राणीच्या बेडरूममध्ये पोचेस्तोवर मंडळी दमलेली असतात, मागून दुसरे ग्रुप रेटत असतात, त्यामुळे तिथे मोजकंच सांगता येतं. पलंग, सोनेरी नक्षी, आणि पलंगाच्या डावीकडे भिंतीत बेमालूम बसवलेलं ते छोटं दार, ज्यातून फ्रेंच राज्यक्रांतीत, ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे, जमाव घुसल्यावर राणी मारी आंत्वानेत जीव मुठीत घेऊन राजाच्या खोल्यांकडे पळाली. सगळे मोबाइल लगेच त्या दाराकडे वळतात.

त्या दिवशी ग्रुपमध्ये साताऱ्याकडच्या एक काकू होत्या, आयुष्यभर बालवाडी चालवलेल्या. त्यांनी दाराचा फोटो काढलाच नाही. मला म्हणाल्या, "अगं पोरी, राणी पळाली ते कळलं, पण पोरं कुठं होती तेव्हा? त्यांच्यापाशी कोण होतं?"

मादाम द तुर्झेल होती, मुलांना सांभाळणारी गव्हर्नेस. एरवी तिचं नाव घ्यायला मला वेळच मिळत नाही आणि माझी तर ती सगळ्या दरबारातली सगळ्यात आवडती बाई. पुढे बागेत मोकळा वेळ होता तेव्हा काकूंना सावलीत बसवून सांगायला लागले तर हळूहळू निम्मा ग्रुप भोवती जमला.

तुर्झेल जन्मली १७४९ मध्ये, माहेर मोठं खानदानी, नवरा १७८६ मध्ये शिकारीच्या अपघातात गेलेला. राजाच्या मुलांची गव्हर्नेस हे दरबारातलं फार मानाचं पद, शपथ घेऊन स्वीकारायचं, आणि तोवर ते राणीच्या जिवलग मैत्रिणीकडे होतं, डचेस पोलिन्याककडे. पण जुलै १७८९ मध्ये क्रांतिकारकांच्या हाती बास्तीयचा किल्ला पडल्यावर पोलिन्याक देश सोडून गेली आणि अशा वेळी, जेव्हा शहाणी माणसं व्हर्सायपासून लांब पळत होती, तुर्झेल ती नोकरी घ्यायला आत आली. राणीचा मोठा मुलगा जून महिन्यातच वारला होता, म्हणजे आता युवराज म्हणजे धाकटा चार वर्षांचा लुई-शार्ल, आणि त्याची थोरली बहीण मारी-तेरेझ.

राणीने तेव्हा तिला मुलांबद्दल एक लांब पत्र लिहिलंय, ते वाचून मला राणीबद्दल कायमची माया वाटायला लागली. मुलगा कुत्र्यांना घाबरतो पण मी कधी जबरदस्ती केली नाही, समज आली की भीती आपोआप जाईल. शब्द दिला तर पाळतो. पण ऐकलेलं सगळीकडे सांगत सुटतो आणि खोटं बोलायचं मनात नसतानाही त्यात स्वतःच्या कल्पनेतलं घालतो. बहिणीवर फार जीव, काही छान मिळालं की आधी तिच्यासाठीही मागतो. काकू मध्येच म्हणाल्या, "बाई पोराकडे बघत होती गं नीट."

तर त्या ऑक्टोबरच्या पहाटे जमाव आत घुसला तेव्हा तुर्झेलने युवराजाला उचललं आणि थेट राजाच्या खोलीत नेलं. त्याच दिवशी सगळ्यांना पॅरिसला नेलं, त्विलरीच्या राजवाड्यात.

मग २० जून १७९१ ची रात्र. राजा कुटुंबासकट पळाला, त्यात सगळ्यात आधी बाहेर पडली ती तुर्झेल आणि मुलं, युवराजाला मुलीचे कपडे घातलेले, त्याला वाटलं आपण नाटक करणारोत. पासपोर्टवर तुर्झेल झाली बॅरोनेस द कॉर्फ, मुलं तिच्या दोन मुली, राणी तिची गव्हर्नेस आणि राजा तिचा नोकर! वारेन गावात पकडले गेले सगळे. आणि इथे मला राग येतो, कारण दोषाचा एक वाटा तुर्झेलवर टाकतात. पळण्याची आखणी करणाऱ्या सेनापती बुयेला गाडीत एक कसलेला लष्करी माणूस हवा होता, पण म्हणे तिने शपथेचा हक्क सांगून ती जागा सोडली नाही. अहो पण गाडी कित्येक तास उशिरा धावत होती, वाटेत मदतीला थांबलेलं घोडदळ वाट बघून निघून गेलं, सँत-मनू गावात पोस्टमास्तर द्रुएने राजाला ओळखलं, यात गव्हर्नेसने काय केलं? राजाला दुसरा माणूस हवा होता तर त्याने हुकूम द्यायचा होता.

काकूंचा पुढचा प्रश्न, "तिला स्वतःची लेकरं नव्हती?"

होती ना. धाकटी मुलगी पोलीन तिच्यासोबतच राजवाड्यात राहायची, विशीतली. १० ऑगस्ट १७९२ ला त्विलरीवर हल्ला होणार म्हणून राजघराणं संसदेकडे निघालं तेव्हा तुर्झेल युवराजासोबत गेली आणि पोलीनला मागे त्याच राजवाड्यात ठेवून गेली. थोड्याच वेळात तिथे कत्तल झाली. पोलीन वाचली, नंतर आईकडे पोचली. हे सांगताना मला प्रत्येक वेळी थांबावं लागतं, कारण बरोबर की चूक ते मला आजही ठरवता येत नाही. काकूंनी मात्र क्षणात ठरवलं, "मी नसते गेले." शेजारचे एक निवृत्त फौजी काका म्हणाले, शपथ घेतली म्हणजे जायचंच, आणि त्यावर दोघांची जी जुंपली ती कोचमध्ये बसेपर्यंत चालली, मी अडवलं नाही.

पुढचं मी कोचमध्ये माइकवर सांगितलं. राजघराण्याला पॅरिसमधल्या टेम्पल नावाच्या जुन्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, आणि तिथून दोघी मायलेकींना आणि राणीची मैत्रीण प्रिन्सेस लांबालला ला फोर्स तुरुंगात हलवलं. ३ सप्टेंबरला लांबालला जमावाने मारलं. तुर्झेल आणि पोलीन दोघी वाचल्या, पोलीनला तर एका अनोळखी माणसाने बाहेर काढलं. युवराज जून १७९५ मध्ये कैदेतच गेला, दहा वर्षांचा. आईवडिलांना आधीच गिलोटिनवर चढवलेलं, त्यामुळे मारी-तेरेझ एकटी उरली. त्या वर्षी परवानगी मिळाल्यावर तुर्झेल तिला भेटायला टेम्पलमध्ये जायला लागली, पण डिसेंबरमध्ये त्या पोरीला ऑस्ट्रियाला पाठवलं तेव्हा सोबत जायची परवानगी तुर्झेलला दिली नाही, दुसऱ्याच बाईला पाठवलं.

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "का बरं नाही दिली? तिचाच हक्क होता." माझंही तेच मत आहे.